आंबिलीचा मान आणि ओढ्याचं पाणी

सोलापूरहून परत येऊन महिना होत आला, तरी गुहागरच्या बाजारात भेटेल तो एकच विचारतो, चादर आणली का. आणली बाबांनो, दोन आणल्या. एक अंथरायला काढली आणि दुसरी सासूबाईंनी ट्रंकेत ठेवली, ती आता नातवाच्या लग्नालाच बाहेर पडेल. पण चादरीपलीकडे मी तिकडे काय पाहिलं ते कुणी विचारत नाही. शाळेत बरोबरच्या मास्तरणींना सांगायला बसावं, तर मधली सुट्टी संपते आणि गोष्ट नेमकी ओढ्यापाशी अडकते. म्हणून एकदाची सगळी लिहूनच काढते. यात माझी चांगली फजिती आहे. ती दुसऱ्याने तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा आपण सांगितलेली बरी.

सोलापूर

धाकटी बहीण कुमुद लग्न होऊन तिकडे गेली, त्याला आठ वर्षं झाली. दर पत्राच्या शेवटी "ताई, एकदा ये" हे ठरलेलं. मध्ये तो मोठा दुष्काळ पडला, तेव्हा तिनेच लिहिलं की येऊ नकोस, आम्हालाच पाणी नाही. दुष्काळ सरला, दोन पावसाळे बरे गेले आणि यंदा मे महिन्याची सुट्टी लागताच मी आंब्यांची करंडी घेऊन एस.टी.त बसले. वैशाखात सोलापूर म्हणजे तापल्या तव्यावर बसायला जाणं, असं मला सगळ्यांनी बजावलं होतं. सगळ्यांचं बरोबर निघालं.

वाटेचं काही सांगत नाही. गाड्या बदलल्या, कंबर मोडली, करंडीतले तळाचे आंबे नासले. सोलापुरात पोचल्यावर पहिली गंमत म्हणजे तिथे घड्याळ कुणी बघत नाही. गिरणीचा भोंगा झाला की चूल, भोंगा झाला की आंघोळ, भोंगा झाला की नवरा घरी. कुमुदच्या शेजारी विणकरांचं घर, बोलणं तेलुगू. त्या घरातली आजी माझ्याशी तेलुगूत बोलायची, मी तिच्याशी मराठीत, आणि आमचं दोघींचं अगदी छान जमलं. तिला माझे आंबे आवडले आणि मला तिचं लोणचं. त्यासाठी आणखी भाषा कशाला लागते?

जेवणाचं मात्र पहिले दोन दिवस जडच गेलं. कडक भाकरी हातात घेतली तेव्हा मला वाटलं कुमुदने पापड भाजलाय. शेंगांची चटणी तोंडात टाकली आणि डोळ्यांतून पाणी आलं. आम्ही भात, कालवण, मासळीचा तुकडा अशी मऊ खाणारी माणसं. तिसऱ्या दिवशी मात्र मी स्वतःच चटणीचा डबा पुढे ओढला आणि कुमुद माझ्याकडे बघून खुदकन हसली.

तिचे यजमान वसंतराव आरोग्य खात्यात स्वच्छता निरीक्षक आहेत. माणूस सडपातळ, बोलणं हळू, आणि रागावले तर फक्त कान लाल होतात. मी गेले तेव्हा ते जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर पेन्सिलने नकाशा काढत जमिनीवर पालथे पडलेले असायचे. वैरागच्या पुढे एका खेड्यात भैरोबाची तीन दिवसांची यात्रा भरते, तिची ती तयारी होती. गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही, उगाच कुणाला नावं ठेवायची नाहीत. हजारभर वस्तीचं गाव, आणि त्या तीन दिवसांत आजूबाजूचे तालुके तिथे लोटतात. दुकानं कुठे, बैलगाड्या कुठे, कुस्त्यांचं मैदान कुठे, संडासाचे चर कुठे, वाऱ्याची दिशा कोणती. आमच्याकडे लग्नाचा मांडव घालताना सुद्धा एवढा विचार करत नाहीत. मी तसं बोलून दाखवलं, तर ते शांतपणे म्हणाले, "ताई, माणूस जमला की तीन गोष्टी शोधतो. पाणी, सावली आणि आडोसा. त्या आपण आधी नेमून दिल्या नाहीत तर तो स्वतः नेमतो, आणि मग निस्तरायला आपल्याला जावं लागतं."

यात्रेकरूंना कॉलऱ्याची, म्हणजे पटकीची, लस टोचायच्या टेबलावर नावं लिहायला माणूस कमी पडत होता. मास्तरणीचं अक्षर आणि मास्तरणीचा आवाज दोन्ही उपयोगी पडतील म्हणून त्यांनी मला विचारलं आणि मी एका पायावर तयार झाले. यात्रा म्हटल्यावर घरी कोण बसतं?

यात्रेच्या आदल्या दिवशी

वैरागपर्यंत एस.टी. आणि तिथून बैलगाडी. दोन्ही बाजूंना काळी, भेगाळलेली रानं. आमच्या लाल मातीत वाढलेल्या माणसाला हा काळा रंग आधी भीती घालतो आणि मग हळूहळू आवडायला लागतो. झाडं लांब लांब, आभाळ मात्र पाहिजे तेवढं. गाडीवान वाटेत एकदाच बोलला. आम्ही कुणाकडे उतरणार, हे त्याने विचारलं आणि उत्तर ऐकून तोंड पुढे फिरवलं.

आम्ही उतरणार होतो शेवंताक्काकडे. तिची हकीकत वसंतरावांनी मला गाडी गावात शिरायच्या आत सांगितली. या यात्रेत आंबिलीचा मान असतो. ज्वारीचं पीठ ताकात आंबवायचं, मोठ्या हंड्यांत पाणी उकळून त्यात शिजवायचं, देवाला दाखवायचं आणि मग आल्यागेल्याला वाडगा वाडगा द्यायचं. आपल्याकडे तांदळाची पेज तशी तिकडे ही आंबील. कैक पिढ्या हा मान शेवंताक्काच्या घरचा. नवरा गेला, मुलगा सोलापुरात गिरणीत, तरी दर वर्षी ती एकटी दोन हंडे चढवायची. गेल्या वर्षी यात्रेत पटकीची लागण झाली. जीव कुणाचा गेला नाही, पण पंधरावीस माणसं आडवी झाली, त्यात शेवंताक्काची वैरागला दिलेली थोरली नणंदही होती. तिला वैरागच्या दवाखान्यात न्यावं लागलं. सगळ्यांनी आंबील प्यायली होती, तेव्हा खापर आंबिलीवर फुटलं. नणंद बरी झाली, पण त्यानंतर तिने भावजयीच्या उंबऱ्यात पाय ठेवला नाही. यंदा पंचांनी सांगितलं होतं की देवासाठी आंबील कर, पण लोकांनी घेतली नाही किंवा पुन्हा कुणी पडलं, तर मान दुसऱ्या घरी जाईल.

वसंतरावांना आंबिलीचा संशय नव्हता. खळखळ उकळलेल्या आंबिलीतून पटकी येत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा डोळा ओढ्यावर होता. वैशाखात ओढा कोरडा असतो, पण वाळू हातभर उकरली की खाली गार पाणी लागतं. तो झिरा. पण वरच्या अंगाला शेकडो गाड्या सुटलेल्या, माणसं पहाटे तिकडेच बसणार, ते सगळं वाळूतून झिरपत खालीच येतं. ओढ्याचं पाणी प्यालो असं मात्र गेल्या वर्षी एकाही आजाऱ्याने कबूल केलं नाही. म्हणून त्यांचा अहवाल कागदावरच राहिला. आणि म्हणूनच ते यंदा मुद्दाम शेवंताक्काच्या घरी मुक्कामाला चालले होते. निरीक्षक जिथे जेवतो तिथलं अन्न वाईट कसं म्हणतील लोक, असा त्यांचा साधा हिशेब.

शेवंताक्का पन्नाशीची, काटक, मोठ्या हाडाची. तिने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "भाकरी खाता न्हवं? का तुमास्नी भातच लागतुया?" मी भाकरी खाईन म्हटलं. तिने पिठलं केलं, वर हिरव्या मिरचीचा ठेचा. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि आमची मैत्री झाली. रांजणातलं पाणीही गोड होतं. विहिरीत जंतू मारायची पावडर टाकलेली असली, तरी पाणी काही वेळ रांजणात राहिलं की तिचा वास उडून जातो, हे मला वसंतरावांनी तेव्हाच सांगितलं होतं. मी ऐकलं आणि विसरले. तिथेच माती खाल्ली.

पहिला दिवस

सकाळपासून माणसांची रीघ लागली. वेशीवर टोचणीचं टेबल, तिथे मी आणि दोन आरोग्यसेवक. हातावर सुई टोचल्याशिवाय आत सोडायचं नाही, असा नियम. आता नियम म्हटल्यावर पळवाट आलीच. बाया मुलांना कडेवर घेऊन हसतहसत दंड पुढे करत होत्या आणि मोठमोठ्या मिशांचे बाप्ये ज्वारीच्या धसकटांतून लांबचा वळसा घालून आत शिरत होते. कुस्तीला आलेला एक पैलवान सुई बघून जो मटकन खाली बसला, त्याला मीच कांदा हुंगवला. नंतर तो लाजून माझी पेटी उचलून देत होता, पाणी आणून देत होता.

वसंतराव गावभर फिरत होते. कापून ठेवलेली कलिंगडं झाकायला लावली, भज्यांवर जाळी टाकायला लावली, चुन्याच्या रेघा पुन्हा मारल्या. संडासाच्या चरांभोवती त्यांनी तट्ट्यांचा इतका सुरेख आडोसा केला होता की दहा वाजता पाहतात तो एका व्यापाऱ्याने आत शेळ्या बांधलेल्या. सावली बरी वाटली म्हणाला. वसंतरावांचे कान लाल झाले. शेळ्या बाहेर काढायला अर्धा तास गेला, कारण शेळ्यांनाही ती सावली बरी वाटत होती.

गर्दी अंदाजापेक्षा जास्त झाली, विहिरीचा उपसा वाढला, म्हणून दुपारी बारा वाजता वसंतरावांनी पुन्हा पावडर टाकायला लावली. आणि नेमकी त्याच वेळी मला तहान लागली. टेबलावरून उठून मी विहिरीवर गेले. पाणी ओढणाऱ्या बाईने तांब्या भरून दिला. ओठाला लावला आणि मला शिसारीच आली. तुम्हाला माझं नाक ठाऊक आहे. कोकणात दाराशी विहीर, वरून सुरंगीची सावली, असल्या पाण्यावर वाढलेलं हे नाक. मी भर गर्दीत मोठ्याने म्हटलं, "अगंबाई, हे पाणी आहे की दवाखाना?" आणि तांब्या ओतून टाकला. बायका हसल्या. मलाही आपण फार विनोदी बोललो असं वाटलं.

एक कासारीण, म्हणजे बांगड्या भरणारी, शेजारी उभी होती. ती म्हणाली की चला, मी दावते चांगलं पाणी. तिच्यामागून मी ओढ्यावर गेले. वाळूत उकरलेला झिरा, नितळ, गार. ओंजळी ओंजळीने मी पोटभर प्यायले, तांब्या भरून घेतला, आणि परत येताना विहिरीवरच्या बायकांना तो दाखवून म्हणालेसुद्धा की पाणी असावं तर असं. काल सांगितलेला ओढा आणि आज प्यायलेला ओढा, यांचा माझ्या डोक्यात संबंधच लागला नाही. गार पाण्यापुढे अक्कल गहाण पडली, दुसरं काय?

तासाभराने वसंतराव ओढ्याकडे फेरीला गेले, तर तिथे घागरी, कळश्या, तांबे घेऊन बायकांची ही रांग. झिऱ्यांचे आठदहा खड्डे झालेले. त्यांनी हात जोडून विचारलं की विहीर सोडून इथे का आलात. एका बाईने सरळ उत्तर दिलं, "तुमची मेव्हणीच पिती की हितलं. मास्तरीण हाय म्हनं. तिला कळत नसंल व्हय?"

ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. चांगले चार शब्द सुनावले असते तरी चाललं असतं. पण त्यांनी काय झालं तेवढंच सांगितलं, एखाद्या तिऱ्हाइताची हकीकत सांगावी तसं. झिरे बुजवून टाकले आणि तिथे पहाऱ्याला माणूस बसवला, म्हणाले. प्यायचं ते पाणी मात्र पोटात गेलंच आहे. आणि मग अगदी हळू म्हणाले, "ताई, आता कुणी पडलं तर लोक ओढ्याचं नाव घेणार नाहीत. शेवंताक्काची चूल पेटली आहे."

त्या क्षणी मला माझी इतकी लाज वाटली की सांगता येत नाही. कडुनिंबाखाली शेवंताक्का दोन भरले हंडे घेऊन सकाळपासून बसली होती. देवाला नैवेद्य पोचला होता, पण माणूस एकही फिरकला नव्हता. तहानलेली यात्रा तिच्यासमोरून जात होती आणि तिच्याकडे बघत नव्हती. तिने ज्यांना कधी घोटभर पाण्यालाही नाही म्हटलं नसेल, तीच माणसं. आणि मी, तिची भाकरी खाल्लेली, तिच्याच गळ्याला फास लावून आले होते.

देवळाच्या ओट्यावर चुकल्यामाकल्यांची नावं पुकारायला भोंगा लावला होता. मी सरळ तिथे गेले. पुकारणारा म्हातारा गुरव माझं ऐकून घेईपर्यंत मी त्याच्या हातातून बोलायचं यंत्र घेतलंही. वर्गात पन्नास पोरं गप्प करायची सवय तिथे कामी आली.

मी म्हटलं, "मी निरीक्षकसाहेबांची मेव्हणी. शाळेत शिकवते. दुपारी मी विहिरीच्या पाण्याला नाक मुरडलं आणि ओढ्याचं पाणी प्याले. माझं पाहून तुम्ही प्यालात. ते माझं चुकलं. ओढ्याचं पाणी घाण आहे, विहिरीचं चांगलं आहे, वास येतो तो पावडरीचा. ते भरून तासभर ठेवा, वास जातो. आता नीट ऐका. मी आंबिलीचा थेंबही अजून घेतलेला नाही. मी उद्या आजारी पडले तर तो ओढ्याचा आणि माझ्या नाकाचा दोष. शेवंताक्काचा नाही. आता मी तिची आंबील प्यायला चालले. उकळलेली आहे, तिच्याइतकं चांगलं या यात्रेत दुसरं काही नाही. तहान असेल त्याने यावं."

लोक हसले. हसणारच, निरीक्षकाची मेव्हणी स्वतःच्या नाकाला शिव्या देते आहे, हा तमाशा फुकटात कुठे मिळतो? पण हसत हसत काही माणसं माझ्या मागे कडुनिंबापर्यंत आली. शेवंताक्काने भोंग्यावरचं सगळं ऐकलं होतं. तिने वाडगा भरून माझ्या हातात दिला. मी गटागटा प्यायले. दुसरा मागितला. गर्दीतून तीच कासारीण पुढे आली आणि म्हणाली, मी बी वड्याचं पानी प्याले, मला बी द्या. मग पैलवान. मग शेळ्यांचा व्यापारी. ऊन मी म्हणत होतं, आणि तहानेपुढे संशय किती टिकणार? दिवस मावळेपर्यंत एक हंडा रिकामा झाला. वाडगे उकळत्या पाण्यात बुडवून देता देता माझी बोटं भाजली, पण त्या दिवशी भाजली तेच बरं वाटलं.

दुसरा दिवस

देव ऐकतो म्हणतात ते खोटं नाही. सकाळी माझ्या पोटात कळ आली. पुढचं वर्णन सभ्य वाचकांसाठी आवरतं घेते. एवढंच सांगते की वसंतरावांनी खणलेल्या चरांची उपयुक्तता मी त्या सकाळी स्वतः, पुन्हा पुन्हा, अगदी बारकाईने तपासली आणि त्यांत मला काही उणं आढळलं नाही.

पटकी नव्हती, साधी हगवण होती. पण वसंतरावांच्या तोंडचं पाणी पळालं. उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ आणि साखर घालून ते मला तासातासाला पाजत होते. ओढ्यावरच्या रांगेतल्या आणखी तीनचार बायकांचीही पोटं बिघडली. दारावरून कुणीतरी बोलत गेलं की बघा, आंबील प्याली आणि पडली. मी आत अंथरुणावर आणि शेवंताक्का उंबऱ्यावर, दोघींनी ते ऐकलं. तिचं तोंड एवढंएवढंसं झालं. तेवढ्यात बाहेरून म्हाताऱ्या गुरवाचा आवाज आला. तो त्या माणसाला म्हणत होता, "आंबील कुटली? काल भोंग्यावर सांगून पडलीया बाई. वडा म्हनली हुती, वड्यानंच पडली. पडल्याली समदी झिऱ्याचीच हायती, जाऊन इच्चार."

आणि लोकांनी खरंच विचारलं. आंबील तर शेकडो लोकांनी प्यायली होती, ते सगळे हिंडत फिरत होते. आजारी पडलेल्या बायांनी यंदा ओढ्याचं नाव घ्यायला आढेवेढे घेतले नाहीत. मास्तरीणच कबूल झाली म्हटल्यावर त्यांना कसली लाज? माझ्या जुलाबांचा झाला एवढा उपयोग माझ्या आयुष्यात दुसऱ्या कशाचा झाला नसेल. दुपारी शेवंताक्का हंडे घेऊन कडुनिंबाखाली गेली, तेव्हा लोक आधीच येऊन बसले होते. विहिरीवर वसंतरावांनी वीसेक माठ ओळीने मांडून ठेवले, पाणी आधी त्यात ओतायचं आणि वास गेल्यावर प्यायचं. ही अक्कल त्यांना माझ्या नाकामुळे सुचली, असं ते नंतर कुमुदला म्हणाले.

मी संध्याकाळी उठून बसले. शेवंताक्काने मऊ भात केला होता. कुठून तरी तांदूळ मागून आणले होते. मी तिला म्हटलं, तुम्हीही बसा, आंबील उरली असेल तर तीच घ्या. ती म्हणाली, तुमी जेवा. तेव्हा माझ्या लक्षात आलं की दोन दिवस मी तिला आंबिलीचा वाडगा तोंडाला लावताना पाहिलं नव्हतं.

तिसरा दिवस

कुस्त्या झाल्या. माझा पैलवान पहिल्याच झटक्यात चितपट झाला आणि उठून मला लांबून नमस्कार करून गेला. दुकानं उठायला लागली. आरोग्यसेवकांनी चर बुजवायला घेतले. दवाखान्यात नेण्याजोगं एकही माणूस झालं नव्हतं. अजून पाच दिवस डोळ्यांत तेल घालून राहायला हवं, असं वसंतराव म्हणत होते, पण त्यांच्या कानांची लाली उतरली होती.

दुपारी घरासमोर बैलगाडी थांबली. साठीची एक बाई उतरली, डोक्यावरून पदर, हातात गाठोडं. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. शेवंताक्का चुलीपाशी शेवटची आंबील ढवळत होती, ती वळली आणि तिच्या हातातली पळी तशीच राहिली.

"वन्सं," ती म्हणाली. मला कळलं, ही वैरागची नणंद.

नणंद आत आली नाही. तिने आधी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, भोंग्यावर बोलली ती बाई तूच का. वैरागच्या बाजारात कालपासून सगळे तेच बोलत होते, म्हणे. मी मान डोलावली. मग ती भावजयीकडे वळली.

"शेवंता, गेल्या साली मी वड्यावरनं तांब्या भरून आनला हुता. पावडरीचा वास सोसंना म्हून. तू सांगितलं हुतंस, वन्सं, त्ये पिऊ नका. मी तुज्या माघारी प्याले. आनि लोक आंबील आंबील करत हुते, तवा मी गप बसले. थोरली ना मी. कुटल्या तोंडानं सांगायचं?"

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते मी पुसलंसुद्धा नाही. शेवंताक्का रडली नाही. पळी खाली ठेवून ती म्हणाली, "मला वाटलं माज्याच हातात ईख हाय. वरीस झालं, मी आंबिलीला जीब लावली न्हाय."

नणंदेने गाठोडं उंबऱ्यावर ठेवलं आणि आत आली. फळीवरचा वाडगा काढला, चुलीवरच्या आंबिलीने भरला, फुंकून फुंकून निववला आणि स्वतः न पिता शेवंताक्कापुढे धरला. "आदी तू," एवढंच म्हणाली.

शेवंताक्काने दोन्ही हातांनी वाडगा घेतला. एक घोट घेतला. थांबली. कपाळाला आठ्या पडल्या. आणखी एक घोट घेऊन खात्री केली.

"अगं बया, मीठ लई झालंय की," ती म्हणाली आणि माझ्यावर डोळे वटारले. "तीन दिस पिताय, सांगायचं न्हवं व्हय?"

नैवेद्य आधी चाखायचा नसतो आणि नंतर तिने चाखला नव्हता. अंदाजपंचे मुठीने मीठ पडत गेलं होतं. मी म्हटलं, आम्हाला वाटलं तुमच्याकडे अशीच करत असतील. वसंतराव दारातून म्हणाले की उन्हात मीठ पोटात गेलेलं बरंच असतं. नणंद हसायला लागली ती हसतच सुटली, पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. शेवंताक्का पुटपुटत उठली, हंड्यात पाणी आणि थोडं पीठ कालवून घातलं, पुन्हा उकळी आणली, पळीने हातावर घेऊन चाखलं, मान हलवली. मग तिने एक वाडगा नणंदेला दिला आणि दुसरा स्वतःसाठी काठोकाठ भरून घेतला.